हूटरच्या तोंडातला बोळा

कारखान्याच्या कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात, छताला लागून बसवलेल्या अलार्मच्या हूटरकडे सहसा कुणी मान वर करून बघत नाही. नव्या माणसानं मात्र पहिल्याच दिवशी बघून घ्यावं. पुष्कळ ठिकाणी त्याच्या भोंग्यात कॉटन वेस्टचा बोळा कोंबलेला असतो, आणि तो पडू नये म्हणून वरून इन्सुलेशन टेपचे दोन वेढे. टेपवर धुळीचा थर, कडा सुटलेल्या. म्हणजे काम आजकालचं नाही. ऑडिटच्या आदल्या दिवशी बोळा निघतो आणि ऑडिटर गेटबाहेर पडला की परत आत जातो. सेफ्टीवाले याला बेशिस्त म्हणतात. तशी ती आहेच. पण त्या प्लँटमधल्या अलार्मांबद्दलचा सगळ्यांत प्रामाणिक शेरा तोच असतो, आणि तो कुठल्याही रजिस्टरमध्ये लिहिलेला नसतो.

बोळा कोंबणारा माणूस आळशी असतो असं नाही. बहुधा तो पॅनेलवर सगळ्यांत जास्त वर्षं बसलेला असतो. पाळीभर हूटर कोकलत राहतो, आणि त्यातल्या बहुतेक वेळा उठून करण्यासारखं काही नसतं. मग हात शिकतो. शिफ्ट इनचार्ज आत येऊन विचारतो, “काय वाजतंय रे?” पॅनेलवरचा मान न वळवता सांगतो, “काही नाही साहेब, नेहमीचंच.” तोवर हात ॲक्नॉलेजच्या, म्हणजे ‘कळलं’ सांगायच्या बटणावर जाऊन आलेलाही असतो. डोळ्यांनी ओळ वाचायच्या आत बोटानं ती मान्य केलेली असते. मला त्या बोळ्यापेक्षा या हाताची जास्त भीती वाटते. बोळा निदान दिसतो तरी.

जुन्या प्लँटांत अजून ॲनन्सिएटर दिसतो: पॅनेलच्या वरच्या अंगाला ओळीनं बसवलेल्या दुधी काचेच्या खिडक्या, प्रत्येकीवर दोन-तीन ओळींत कोरलेली अक्षरं, मागे दिवा. त्याची चाल ठरलेली आहे. बिघाड आला की खिडकी लुकलुकते आणि हूटर वाजतो. ॲक्नॉलेज दाबलं की हूटर गप्प, दिवा स्थिर. पातळी, दाब, जे काही असेल ते जागेवर आलं की दिवा विझतो. काही रचनांत रीसेट दाबल्याशिवाय विझत नाही. पाळीचा चार्ज घेताना लॅम्प टेस्ट दाबून सगळ्या खिडक्या एकदा पेटवून बघायच्या, कारण गेलेला बल्ब आणि निरोगी प्लँट समोरून सारखेच दिसतात. चांगल्या ॲनन्सिएटरमध्ये आणखी एक सोय असते, फर्स्ट-आउट. कॉम्प्रेसर ट्रिप झाला, म्हणजे बिघाडामुळे आपोआप बंद पडला, की ल्यूब ऑइल प्रेशर लो, मोटर ट्रिप, डिस्चार्ज प्रेशर लो, फ्लो लो अशा सगळ्या खिडक्या एका दमात पेटतात. त्यातली पहिली कुठली पेटली हे फर्स्ट-आउट वेगळ्या लुकलुकीनं दाखवतो. मग ल्यूब ऑइलचा फिल्टर बघायचा की मोटरचा रिले, हे अर्धा तास वाद न घालता कळतं.

या खिडक्यांचा खरा गुण मात्र त्यांची किंमत हा होता. प्रत्येक खिडकीला फील्डमध्ये एक स्विच लागे, तिथून पॅनेलपर्यंत केबलची एक जोडी, टर्मिनलवर दोन स्क्रू, आणि पॅनेलवर जागा. चाळीस खिडक्यांच्या पॅनेलवर एक्केचाळिसावी हवी असेल तर कुणालातरी पैसे मागावे लागत. त्यामुळे आधी भांडण होई: खरंच हवा का हा अलार्म? १९७५ च्या सुमारास हनीवेल आणि योकोगावा या कंपन्यांच्या पहिल्या डीसीएस, म्हणजे प्लँट कॉम्प्युटरवरून चालवायच्या यंत्रणा, आल्या आणि हळूहळू ते भांडण संपलं. आता प्रत्येक टॅगबरोबर (टॅग म्हणजे एकेका मोजमापाचं नाव) हाय-हाय, हाय, लो, लो-लो, डेव्हिएशन, रेट ऑफ चेंज, बॅड पीव्ही (माप बिघडलं) असे अलार्म फुकट येतात. कॉन्फिगरेशन करणाऱ्या कंत्राटदाराच्या पोरानं एक टेम्प्लेट बनवायचं, १० टक्क्यांवर लो-लो, २० वर लो, ८० वर हाय, ९० वर हाय-हाय, आणि हजार टॅगांवर ते चिकटवायचं. कमिशनिंगच्या घाईत तपासायला कुणालाच वेळ नसतो. नंतर ‘असू दे, कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून ते तसंच राहतं. कुठलाही अलार्म ठेवायला कारण लागत नाही. काढायचा म्हटलं की मात्र सही लागते, आणि सही कुणी करत नाही.

यातलं बारीक काम कसं असतं ते जवळून बघायचं तर साखर कारखान्याचा बॉयलर बरा. सीझन जोरात आहे, तासाला १०० टन वाफ करणारा बॉयलर बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालू आहे. ड्रममधल्या, म्हणजे जिथं पाण्यातून वाफ सुटते त्या आडव्या टाकीतल्या, पाण्याची नॉर्मल पातळी शून्य धरली आहे, पातळी मोजून सिग्नल पाठवणाऱ्या ट्रान्समीटरची रेंज उणे ३०० ते अधिक ३०० मिलिमीटर. हाय अलार्म अधिक १०० वर. उकळत्या पाण्याची पातळी कधीच आरशासारखी नसते. आठ-दहा मिलिमीटर ती अशीच नाचते. आता सरासरी पातळी ९५ वर गेली की काटा ८५ आणि १०५ च्या मध्ये हेलकावे खात राहतो, आणि अलार्म मिनिटाला पाच-सात वेळा येतो, जातो. पॅनेलवाले याला ‘चॅटरिंग’ म्हणतात. इलाज डेडबँड. अलार्म १०० ला येऊ दे, पण जायला पातळी चांगली खाली उतरली पाहिजे. लेव्हलसाठी रेंजच्या ५ टक्के ही सुरुवातीची शिफारस आहे; इथं रेंज ६०० ची, म्हणजे ३० मिलिमीटर. अलार्म १०० वर आला तर ७० च्या खाली गेल्याशिवाय सुटणार नाही. फ्लोलाही ५ टक्के, प्रेशरला २, टेम्परेचरला १. दुसरा इलाज डिले: ओलांडलेली स्थिती काही सेकंद टिकली तरच वाजायचं. फ्लो आणि प्रेशरला १५ सेकंद, लेव्हल आणि टेम्परेचरला ६०.

आणि इथंच या शिफारशींचा तक्ता डोळे मिटून वापरणारा फसतो.

त्याच ड्रमच्या लो अलार्मला, उणे १०० वर, ६० सेकंदांचा डिले लावून बघा. ड्रम दीड मीटर व्यासाचा आणि नऊ मीटर लांबीचा धरला तर मध्यावर पाण्याचा पृष्ठभाग साडेतेरा चौरस मीटर. त्या तापमानाला पाणी हलकं झालेलं असतं, घनमीटरला पाऊण टनाच्या आसपास. म्हणजे १०० मिलिमीटर पातळीत पाणी जेमतेम एक टन. बॉयलर मिनिटाला १.६७ टन पाण्याची वाफ करतो. ड्रमला पाणी देणारा फीड पंप ट्रिप झाला आणि स्टँडबाय उचलला नाही, तर पस्तीसेक सेकंदांत पातळी उणे १०० ओलांडते. त्यावर ६० सेकंद डिले, म्हणजे लो अलार्म वाजणार पंचाण्णवाव्या सेकंदाला. लो-लो ट्रिप जर उणे २५० वर असेल तर ती साधारण अठ्ठ्याऐंशीव्या सेकंदालाच लागलेली असेल. बॉयलर आधी बंद पडतो आणि मग अलार्म सांगतो की पाणी कमी होतंय बरं का! इथं डिले पाच-सात सेकंदांहून जास्त परवडत नाही. नाचणाऱ्या सिग्नलचा बंदोबस्त डेडबँडनं आणि ट्रान्समीटरच्या डॅम्पिंगनं (सिग्नलचे हेलकावे मऊ करून) करावा लागतो, तोही बेतानं.

ड्रम लेव्हलचं आणखी एक सोंग आहे. पॅन स्टेशननं, म्हणजे जिथं साखरेचा पाक शिजतो त्या विभागानं, एकदम वाफ ओढली, किंवा टर्बाईनवर लोड चढलं, की ड्रमचा दाब पडतो. दाब पडला की पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी वर चढते, पाणी मात्र कमी होत असतं. उतू जाणाऱ्या दुधाचं पातेलं आठवा. दूध वर येतं म्हणून वाढलेलं नसतं. हाय अलार्म वाजतो, नवखा माणूस फीड वॉटर कंट्रोल व्हॉल्व्ह मॅन्युअलवर घेऊन दाबतो, आणि दाब सावरला की बुडबुडे बसतात, पातळी धाडकन लोवर येते. म्हणून मोठ्या बॉयलरवर थ्री-एलिमेंट कंट्रोल असतो: पातळीबरोबर वाफेचा फ्लो आणि पाण्याचा फ्लोही बघायचा, जितकी वाफ गेली तितकं पाणी द्यायचं, आणि पातळीवरून फक्त किरकोळ दुरुस्ती करायची. जुना अटेंडंट अशा वेळी स्क्रीनकडे न बघता आधी वाफेच्या फ्लोकडे बघतो आणि मग गेज ग्लासकडे, म्हणजे ड्रमची पातळी थेट दाखवणाऱ्या काचेकडे. तो ग्लास उगीच नसतो. दाबातल्या फरकावरून पातळी मोजणाऱ्या डीपी ट्रान्समीटरला एका बाजूनं पाण्यानं भरलेली नळी, रेफरन्स लेग, असते. दोन बाजू जोडणारा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह पाझरला किंवा दाब झपकन पडून त्या लेगमधलं पाणी उकळून गेलं, तर दोन बाजूंतला फरक घटतो आणि ट्रान्समीटर पातळी वाढल्याचं सांगतो. ड्रम रिकामा होत असताना स्क्रीनवर भरलेला दिसतो. असा खोटा बोलणारा ट्रान्समीटर एकटा असेल तर लो अलार्म वाजायचाच नाही. म्हणून ट्रिपसाठी तीन ट्रान्समीटर लावून त्यांतल्या दोघांचं ऐकायचं, आणि तिघांनाही ड्रमच्या एकाच टॅपिंगवर (जोडणीच्या तोंडावर) बसवायचं नाही.

वायर तुटली तर निदान कळतं. सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअरचा असतो तो याचसाठी. रेंजच्या तळाशीही ४ मिलिअँपिअर वाहत असतात, त्यामुळे ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेलेला आकडा म्हणजे बिघाड, हे सिस्टीमला ओळखता येतं. स्विचच्या अलार्मलाही तोच न्याय: नॉर्मल असताना काँटॅक्ट बंद, अलार्मला उघडा. उंदरानं केबल कुरतडली तर अलार्म येईल. उलट जोडणी केली तर केबल तुटूनही सगळं आलबेल दिसेल, आणि ते चार वर्षांनी एका वाईट रात्री कळेल.

अलार्म कुठल्या आकड्यावर लावायचा याचं उत्तर टक्केवारीत शोधणं हा मला सगळ्यांत मोठा घोटाळा वाटतो. तो मिनिटांत शोधायचा असतो. दहा मीटर व्यासाची, दहा मीटर उंच टाकी घ्या. तळाचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस मीटर. पंप तासाला १०० घनमीटर भरतोय, म्हणजे पातळी मिनिटाला २१ मिलिमीटर चढते. हाय अलार्म ९० टक्क्यांवर, नऊ मीटरला. ओव्हरफ्लो नोझल ९.४ मीटरला. हातात मिनिटं एकोणीस. आता माणसाचा हिशेब करा. अलार्म बघून, दुसऱ्या गेजशी ताडून खात्री करायला दोन-तीन मिनिटं. वॉकीटॉकीवर फील्डवाल्याला गाठायला दोन. तो पंप हाऊसच्या गोंगाटात असला तर जास्त. टँक फार्मपर्यंत चालत जायला पाच. आठ इंची गेट व्हॉल्व्ह चाक फिरवून पूर्ण बंद करायला पाच, तोही दांड्याला गंज नसेल तर. बेरीज पंधरा. एकोणीसात पंधरा बसतात, थोडे उरतात. मग दोन वर्षांनी डीबॉटलनेकिंग, म्हणजे क्षमता वाढवायचं काम, होतं आणि पंप १६० घनमीटरचा येतो. पातळी आता मिनिटाला ३४ मिलिमीटर चढते, ४०० मिलिमीटरांना पावणेबारा मिनिटं. पंपाची फाइल झाली, मोटरची झाली, केबलचीही झाली. अलार्मचा आकडा तिथंच, ९० टक्के. तो वाजेल, अगदी वेळेवर वाजेल, आणि माणूस व्हॉल्व्ह पूर्ण बंद करेपर्यंत टाकीभोवतीच्या डाइकमध्ये माल पडलेला असेल.

इंग्लंडमधल्या बन्सफील्डच्या डेपोत ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे ९१२ नंबरच्या टाकीत पेट्रोल भरत होतं. तीनच्या सुमारास लेव्हल गेज अडकलं आणि स्क्रीनवरची रेघ सपाट झाली. हाय, हाय-हाय असे अलार्म होते. पण सगळे त्याच एका गेजवर अवलंबून. गेज हलत नाही तर अलार्म कसले वाजणार? शेवटचा आधार म्हणून एक स्वतंत्र हाय लेव्हल स्विच होता. त्याच्या टेस्टच्या दांडीला कामाच्या जागी धरून ठेवायला कुलूप लागतं, आणि कुलूप लावलेलं नव्हतं. सहा वाजून एक मिनिटानं स्फोट झाला. टाकी भरत असताना सपाट रेघ येणं हाच खरंतर अलार्म व्हायला हवा: आत फ्लो चालू आहे आणि पातळी दहा मिनिटं हललेली नाही, तर ओरड. डीसीएसमध्ये हे दोन ओळींचं लॉजिक आहे. हजारो फुकटच्या अलार्मांत ते क्वचितच सापडतं.

अलार्म वाजलेच नाहीत ही एक तऱ्हा. वेल्समधल्या पेम्ब्रोकच्या रिफायनरीत २४ जुलै १९९४ ला उलटं झालं. सकाळी विजांच्या वादळानं प्लँट डळमळला, मग जवळजवळ पाच तास तो सावरायची धडपड चालली. डीब्यूटनायझर नावाच्या, ब्यूटेन वेगळा काढणाऱ्या मनोऱ्याच्या बुडाचा व्हॉल्व्ह बंद होता आणि स्क्रीन तो उघडा दाखवत होती. माल आत येत होता, बाहेर जात नव्हता, आणि आत-बाहेरचा हिशेब एका नजरेत दाखवणारं एकही चित्र समोर नव्हतं. स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म येऊन पडले. अडीच सेकंदाला एक! फ्लेअरचा नॉकआउट ड्रम (जाळायच्या वायूतला द्रव अडवणारी टाकी) भरल्याचा अलार्मही त्यातच होता. रविवार होता म्हणून माणसं कमी होती. २६ जण जखमी झाले, कुणी दगावलं नाही. त्याआधी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रातही पहिल्या काही मिनिटांत शंभरावर अलार्म पेटले, आणि ते छापणारा प्रिंटर पुढे दोन तासांहून जास्त मागे पडला. तिथं रिलीफ व्हॉल्व्हचा दिवा विझला होता, म्हणून ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह बंद झाला असं धरलं. दिवा व्हॉल्व्ह हलवणाऱ्या सोलेनॉइडला दिलेला हुकूम दाखवत होता. व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता.

या सगळ्यातून १९९९ मध्ये ईईएमयूए १९१ हे अलार्मांवरचं मार्गदर्शक पुस्तक आणि २००९ मध्ये आयएसए १८.२ हे मानक आलं. त्यांतले आकडे एका माणसाच्या डोक्याचे आहेत, कॉम्प्युटरचे नाहीत. एका ऑपरेटरला दिवसाला साधारण १५० अलार्म, म्हणजे दहा मिनिटांना एक, झेपतात. तीनशेच्या पुढे हाताबाहेर. दहा मिनिटांत दहाहून जास्त आले तर तो पूर. प्राधान्य वाटायचं ते साधारण ८० टक्के लो, १५ मीडियम, ५ हाय असं. आपल्याकडच्या प्लँटांत हे प्रमाण बऱ्याचदा उलटं सापडतं, कारण प्रत्येक खात्याला आपला अलार्म लाल हवा असतो. प्राधान्य खात्याच्या मानापमानावर ठरत नाही. काही केलं नाही तर नुकसान किती आणि हातात वेळ किती, या दोनच गोष्टींवर ठरतं. चोवीस तासांहून जास्त पेटून राहिलेले अलार्म वेगळे. बंद ठेवलेल्या स्टँडबाय पंपाचं डिस्चार्ज प्रेशर लो असणारच. पंप चालू असल्याच्या सिग्नलशी तो अलार्म जोडला की एका संध्याकाळी स्क्रीनवरच्या कायमच्या लाल ओळी निम्म्या होतात.

अलार्म दाबायच्या तऱ्हा तीन आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या की घात होतो. शेल्व्हिंग म्हणजे ऑपरेटरनं ठरावीक वेळापुरता बाजूला ठेवलेला अलार्म. पाळी संपायच्या आत तो आपोआप परत येतो, यादीत दिसत राहतो. डिझाइननं दाबलेला अलार्म लॉजिक सांभाळतं, वरच्या स्टँडबाय पंपासारखा. आणि तिसरी, टर्मिनलवर मारलेला जम्पर (सिग्नलला वळसा घालणारा वायरचा तुकडा) किंवा प्रोग्राममध्ये फोर्स केलेला, म्हणजे हातानं अडकवून ठेवलेला, बिट. जम्परला घड्याळ नसतं. तो मारणारा ‘उद्या काढू’ म्हणून घरी जातो, बदली होते, रिटायर होतो, जम्पर तिथंच. बायपास रजिस्टरमध्ये टॅग, कारण, कुणाच्या सहीनं, कधीपर्यंत, आणि तोवर त्या अलार्मचं काम कोण करणार, हे पाच रकाने असतात. शेवटचा रकाना बहुतेक रिकामा असतो.

भोपाळच्या युनियन कार्बाइडमधल्या ई-६१० टाकीवर, जिच्यातून पुढे विषारी वायू सुटला, तापमानाचा अलार्म ११ अंश सेल्सिअसला लावलेला होता, कारण टाकी थंड ठेवायची होती. १९८४ च्या जूनमध्ये थंड ठेवणारी यंत्रणाच बंद केली गेली. मग टाकी सदासर्वकाळ ११ च्या वरच, आणि अलार्मला अर्थ उरला नाही. त्याची जोडणीच काढून टाकली होती. २ डिसेंबरच्या रात्री १०:२० ला टाकीचा दाब २ पीएसआय नोंदला गेला. पावणेअकराला पाळी बदलली. ११ वाजता दाब १०. नव्या पाळीला तो आकडा खटकला नाही, कारण २ ते २५ ही नेहमीचीच रेंज होती. चाळीस मिनिटांत पाचपट झाला हे एका आकड्यात दिसत नाही. त्यासाठी आधीचा आकडा माहीत असलेला माणूस समोर लागतो, नाहीतर रेट ऑफ चेंजचा अलार्म. चार्ज देताना “बाकी सगळं नॉर्मल” म्हणणाऱ्यानं ट्रेंड उघडून मागचे दोन तास दाखवले तर पाच मिनिटं जातात. घरी जायची बस मात्र गेटवर उभी असते.

दुरुस्ती सुरू करायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. गेल्या महिन्याची अलार्म जर्नल एक्सेलमध्ये काढायची, टॅगनुसार मोजायची, उतरत्या क्रमानं लावायची. बराचसा आवाज वरच्या दहा टॅगांतून येतो. त्यात एक-दोन सैल टर्मिनल निघतात, एखादा पाणी शिरलेला जंक्शन बॉक्स, एखादा चुकीच्या रेंजचा ट्रान्समीटर, आणि उरलेल्यांना डेडबँड हवा असतो. हे इन्स्ट्रुमेंटवाल्यांचं आठवड्याचं काम. खरं कष्टाचं काम पुढचं: प्रोसेस, ऑपरेशन, इन्स्ट्रुमेंट आणि पॅनेलवरचा एक जुना माणूस यांना एका टेबलाशी बसवून एकेक अलार्म तपासायचा. रकाने ठरलेले आहेत. कशामुळे येतो, नाही ऐकलं तर काय होईल, किती मिनिटं आहेत, ऑपरेटरनं काय करायचं. पहिले तीन कसेबसे भरले जातात. चौथ्यापाशी टेबल गप्प होतं, मग कुणीतरी लिहितो, ‘लक्ष ठेवणे’. तिथं खोडरबर चालवायचा. व्हॉल्व्हचा नंबर, पंपाचा नंबर किंवा फोन करायच्या माणसाचं पद चौथ्या रकान्यात येत नसेल, तर ती ओळ अलार्मच्या यादीतून काढून इव्हेंट लॉगमध्ये टाकायची आणि पुढचा टॅग घ्यायचा. दिवसाला शंभर टॅग झाले तरी खूप झाले. चहाच्या दुसऱ्या फेरीनंतर प्रोसेसवाले घड्याळाकडे बघू लागतात. तेव्हा पॅनेलवरच्या माणसाला बोलतं करावं, कारण कुठला अलार्म खोटा आणि कुठला खोटा वाटूनही दोनदा खरा निघाला, हे त्या टेबलावर फक्त त्यालाच ठाऊक असतं.